टाचण मोडणाऱ्या छात्राध्यापकाला गुण द्या

शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि सराव शाळांमधील मार्गदर्शक शिक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

सराव पाठ सुरू झाले की मागच्या बाकावर निरीक्षक येऊन बसतात. मांडीवर टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याची प्रत, हातात पेन. फळ्यापाशी छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी, उभा असतो. समोर चाळीस मुलं असतात आणि त्याचं अर्धं लक्ष मात्र मागच्या त्या पेनाकडे असतं. टाचणात लिहिलेलं सगळं घंटा व्हायच्या आत संपवायचं, एवढं तो पक्कं शिकतो. मुलांच्या बोलण्यावरून पाठाला वळण द्यायला तो शिकत नाही, कारण ते त्याला परवडत नाही. हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) राहिलं तर गुण जातात, उपयोजन (शिकलेलं वापरायला लावणं) राहिलं तरी जातात. पाठ टाचणाबरहुकूम पार पडला आणि अर्ध्या वर्गाला काही उमगलं नाही, तर गुण शाबूत राहतात.

विचारपूर्वक टाचण बाजूला ठेवणं हे शिकवता येणारं कौशल्य आहे. त्याचा सराव घेता येतो आणि ते तपासताही येतं. आज ते छात्राध्यापकाच्या नशिबावर सोडलेलं आहे. कुणाला मनमिळाऊ मार्गदर्शक मिळाला तर जमतं, नाहीतर नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं मुलांच्या खर्चाने ते शिकलं जातं. हे बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र. तपशील मुद्दाम बारीक दिले आहेत. ‘लवचीक राहा’ एवढ्या सल्ल्यावर उद्याचा पाठ घेता येत नाही.

एक पाठ जवळून पाहू. विषय दशांश अपूर्णांकांची तुलना. फळ्यावर ०.४ आणि ०.३८. छात्राध्यापक विचारतो, “मोठी संख्या कोणती?” दुसऱ्या बाकावरून उत्तर येतं, “०.३८.” तो म्हणतो, “नाही. दुसरं कोण सांगेल?” कोपऱ्यातून कुणीतरी “०.४” म्हणतं. “शाबास!” म्हणून पाठ पुढे सरकतो. निरीक्षणपत्रिकेवर प्रश्नकौशल्यापुढे ‘चांगले’ अशी नोंद होते.

०.३८ म्हणणाऱ्या मुलीच्या डोक्यात काय होतं? तिने दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचले. अडतीस मोठे, चार लहान. ही समजूत अतिशय सर्रास आढळते. गंमत अशी की हीच मुलगी ०.८५ आणि ०.७ यांत ०.८५ मोठं असं बिनचूक सांगेल, कारण तिथे चुकीचा नियमही बरोबर उत्तरापर्यंत नेतो. दुसरीही एक समजूत असते. दशांश शतांशापेक्षा मोठा असतो, म्हणून ज्यात कमी अंक ती संख्या मोठी. अशी समजूत असलेला मुलगा ०.४ आणि ०.३८ मध्ये बरोबर ठरतो, शाबासकी मिळवतो आणि ०.७ आणि ०.८५ मध्ये फसतो. म्हणजे त्या वर्गात ‘शाबास’ ज्याला मिळालं त्यालाही दशांश कळले असतीलच असं नाही.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो आदल्या दिवशी करावा लागतो. तीन जोड्या निवडायच्या: ०.४ आणि ०.३८; ०.७ आणि ०.८५, ०.५ आणि ०.५०. मुलांनी पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहायची, एकमेकांत बोलायचं नाही. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. पहिल्या समजुतीची मुलं पहिल्या जोडीत चुकतात, दुसऱ्या समजुतीची दुसऱ्या जोडीत. तिसऱ्या जोडीत दोन्हीकडची मुलं चुकतात, पण उलट दिशांना: काही म्हणतात ०.५० मोठं, काही म्हणतात ०.५ मोठं. बाकांमधून एक फेरी मारली की कोण कुठे उभं आहे ते दिसतं.

मग वळण घ्यायचं. शंभर चौकटींचा चौरस काढायचा, दहा उभे रकाने, प्रत्येकात दहा चौकटी. ०.४ म्हणजे चार पूर्ण रकाने, ४० चौकटी. ०.३८ म्हणजे तीन रकाने आणि वर आठ चौकटी. रंगवून झाल्यावर पहिल्या गटाला वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या गटासाठी त्याच चौरसावर बोट ठेवून वाक्य बदलायचं: “शतांशाची एक चौकट लहान, खरं आहे. पण ०.८५ मध्ये अशा ८५ आहेत.” दोन्ही चुका एकाच चित्रावर सुटतात, फक्त बोलणं वेगळं.

इथे एक खड्डा आहे. बरेच छात्राध्यापक घाईने सांगून टाकतात, “शून्य जोडा, अंक सारखे करा आणि मग तुलना करा.” ०.४ चं ०.४० केलं की उत्तर बरोबर येतं आणि तासिका वेळेत संपते. पण पहिल्या समजुतीची मुलगी आता ४० आणि ३८ या पूर्ण संख्यांचीच तुलना करते आहे. तिची मूळ समजूत जागची हललेली नाही. तिला संख्यारेषेवर ०.४ दाखवायला सांगा, लगेच कळेल. शून्य जोडण्याची युक्ती चौरसानंतर यावी, आधी नाही.

हे सगळं छात्राध्यापकाला त्या क्षणी सुचावं, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. अनुभवी शिक्षकाला सुचतं कारण त्याने ही चूक अनेकदा पाहिलेली असते. नवख्याला ती पहिल्यांदाच दिसते आणि नेमकी तेव्हा त्याच्या डोक्यात पुढचं वाक्य, फलकलेखन, मागचं पेन आणि घड्याळ अशी गर्दी असते. म्हणून बदलाची तयारी टाचणातच व्हायला हवी. टाचणात ‘शिक्षककृती’ आणि ‘विद्यार्थीकृती’ असे रकाने असतात. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी उत्तरे देतात.’ अशी वाक्यं कोणत्याही विषयाच्या कोणत्याही पाठात चालतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत. त्या जागी अपेक्षित चुकीचं उत्तर शब्दशः लिहायला सांगा. एका पाठासाठी तीन चुकीची उत्तरं पुरेत. प्रत्येकापुढे दोन गोष्टी: मूल असं का म्हणत असेल आणि त्यावर मी काय दाखवेन.

ही उत्तरं कुठून मिळवायची? वर्गाच्या वह्यांतून. पाठाच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक शिक्षकाने दहा वह्या काढून द्याव्यात, हुशार मुलांच्याच नव्हे. छात्राध्यापकाने अर्ध्या तासात त्या चाळाव्यात. आजच्या पद्धतीत तो वर्गाची पटसंख्या, इयत्ता, घटक सगळं टाचणाच्या माथ्यावर सुबक लिहितो, पण त्या वर्गातल्या एकाही मुलाचं लेखन त्याने पाहिलेलं नसतं. ‘पूर्वज्ञान’ या शीर्षकाखाली पाठ्यपुस्तकाच्या मागच्या प्रकरणाचं नाव येतं. मागचं प्रकरण शिकवून झालं म्हणजे मुलांना आलं, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

टाचणाचा साचा एवढा पवित्र का झाला, याचा विचार करताना आपल्या शास्त्राच्या इतिहासातली एक गोष्ट आठवावी. पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच ठरीव पायऱ्या, ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जर्मन शिक्षणविचारवंत हर्बार्ट (१७७६–१८४१) स्वतः ठरीव पायऱ्यांचे भक्त नव्हते. पाच पायऱ्यांचा तो पक्का क्रम झिलर आणि राइन या त्यांच्या अनुयायांनी रूढ केला. हर्बार्ट यांनी १८०२ मध्ये शिक्षणावर व्याख्यान देताना भर दिला तो शिक्षकाच्या तारतम्यावर. सिद्धान्त सर्वसाधारण असतो, समोरचा प्रसंग वेगळा असतो. या दोहोंच्या मध्ये चटकन निवाडा करणारं तारतम्य उभं असतं आणि ते प्रत्यक्ष काम करतानाच घडतं, अशी त्यांची मांडणी. आपण त्यांच्या नावाने पायऱ्या ठेवल्या आणि तारतम्य वगळलं.

सूक्ष्म अध्यापनाचीही (मायक्रोटीचिंग) हीच गत. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ते आणलं. हेतू होता सुटसुटीत सराव: एक कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडा वेळ. रूढ चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठाबद्दलचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. चक्र चांगलं आहे. अडचण समोर बसलेल्यांची आहे. समोर असतात वर्गमित्र. त्यांना उत्तरं येतात, आपलीही पाळी येणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते समंजसपणे हात वर करतात. अशा वर्गात पाठ कधी अडतच नाही आणि न अडलेल्या पाठातून वळण घेण्याचा सराव होत नाही.

यासाठी चिठ्ठ्या वापरून पाहा. पाठ घेणाऱ्याला न सांगता तिघांना चिठ्ठ्या द्यायच्या. एकीत एक चुकीचं उत्तर आणि त्यामागचं कारण. दुसरीत ‘काही विचारलं तरी गप्प राहा, खाली बघ’. तिसरीत विषयाला फाटा फोडणारा पण प्रामाणिक प्रश्न. चुकीच्या उत्तराच्या चिठ्ठीवर कारण लिहिणं फार महत्त्वाचं, कारण छात्राध्यापकाने “तुला असं का वाटलं?” विचारलं तर वर्गमित्राला मुलासारखं बोलता आलं पाहिजे. मग पुनर्नियोजनाच्या १२ मिनिटांत आवाज, हातवारे, अक्षर यांवर बोलत बसायचं नाही. तो सगळा वेळ त्या एका चुकीच्या उत्तराला द्यायचा. पुनर्अध्यापनाच्या वेळी चिठ्ठ्या बदलायच्या. त्याच ठेवल्या तर छात्राध्यापक तयार उत्तर पाठ करून येतो आणि आपल्याला वाटतं तो शिकला.

बदल करायला शिकवण्याचाही क्रम हवा. सगळं एकदम मागितलं तर नवखा माणूस गांगरतो आणि टाचणाला अधिकच घट्ट धरतो. पहिल्या काही पाठांत त्याच्याकडून फक्त वेगाचं तारतम्य मागा: कुठे थांबायचं, कुठे आवरतं घ्यायचं. ते जमल्यावर प्रश्न बदलायला शिकवा. त्यानंतर स्पष्टीकरणाचं रूप बदलणं, म्हणजे शब्दांवरून चित्रावर, चित्रावरून वस्तूवर येणं. ऐन वेळी कृती किंवा गटरचना बदलणं सगळ्यात शेवटी, कारण तिथे पूर्ण वर्ग हलतो आणि शिस्तीचा प्रश्नही सोबत येतो. प्रत्यक्षात आपण उलट करतो. पहिल्याच आठवड्यात गटकार्य घ्यायला लावतो, ते फसतं आणि छात्राध्यापक गटकार्याचा कायमचा धसका घेतो.

वेगापासून सुरुवात का, तर तिथे बाहेरचा आधार देता येतो: घड्याळ. टाचणात ‘७ मिनिटे’, ‘१० मिनिटे’ असं लिहिण्यापेक्षा समासात घड्याळातली वेळ लिहायला सांगा. तासिका ११.१० ला सुरू होणार असेल तर चौकटींच्या कृतीपुढे ‘११.२२’. शिकवण्याच्या भरात कुणालाही वजाबाकी सुचत नाही, पण ११.२२ आणि ११.२७ यांतला फरक नजरेला दिसतो. ३५ मिनिटांची तासिका असेल तर नियोजन २८ मिनिटांचं करावं. उरलेला वेळ मुलं स्थिरावण्यात, वह्या काढण्यात आणि साहित्य वाटण्यात जातोच. शेवटच्या प्रश्नाची वेळ आधी ठरवून घ्यायची: घंटेच्या ६ मिनिटं आधी जे काही चालू असेल ते थांबवायचं. ६ मिनिटं अशासाठी की प्रश्न फळ्यावर लिहायला १, मुलांना चिठ्ठीवर उत्तर लिहायला ३, चिठ्ठ्या गोळा करायला २.

टाचणातल्या प्रत्येक भागापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहून ठेवायला सांगा: ‘ग’ म्हणजे गाभा, ‘ज’ म्हणजे जोड, ‘स’ म्हणजे सोडता येईल. वेळ कमी पडला की आधी ‘स’ जाईल, मग ‘ज’. हे आधी ठरवलेलं नसेल तर काय होतं? वेळ संपत आला की छात्राध्यापक बोलण्याचा वेग वाढवतो आणि मुलांनी करायचं काम स्वतः फळ्यावर करून टाकतो. म्हणजे नेमका गाभाच कापला जातो.

आता प्रश्नांकडे. “समजलं का?” “होऽऽ!” या समूहस्वरावर आजवर कितीतरी पाठ पुढे सरकले आहेत. हा ‘हो’ ऐकून काही कळत नाही. पाठाच्या मधोमध, जिथून पुढचा भाग अवलंबून आहे तिथे, एक वळणाचा प्रश्न ठेवावा. त्याची कसोटी अशी: उत्तर एक-दोन मिनिटांत मिळालं पाहिजे, प्रत्येक मुलाचं मिळालं पाहिजे आणि चुकीच्या समजुतीने बरोबर उत्तर निघता कामा नये. चार पर्याय फळ्यावर लिहून बोटांनी उत्तर दाखवायला सांगितलं तर साहित्यही लागत नाही. फक्त बोटं छातीशी धरायची, डोक्यावर नाही, नाहीतर मागची मुलं पुढच्यांची बोटं मोजतात. आणि सगळ्यांनी एकाच क्षणी दाखवायची.

पुढे काय करायचं, यासाठी हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांचा ठोकताळा उपयोगी आहे. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावायची. ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर मुलांना शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचं. चाळीसच्या वर्गात हे आकडे १२ आणि २८ होतात. टाचणात हेच दोन आकडे लिहून ठेवावेत. वर्गात शेकडेवारी काढत बसता येत नाही, बोटांवरून नजर फिरवून ‘बाराच्या आत की अठ्ठावीसच्या वर’ एवढं कळतं. मझूर यांनी हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी बांधलं. लहान वर्गात शेजाऱ्याशी चर्चा एका मिनिटाहून लांबवू नये आणि पुन्हा समजावताना उदाहरण नक्की बदलावं. तेच स्पष्टीकरण मोठ्या आवाजात आणि सावकाश सांगणं, यालाच पुष्कळ छात्राध्यापक पुन्हा समजावणं म्हणतात.

२८ च्या वर गेलं तरी उरलेली दहा-अकरा मुलं उरतातच. ती तासाच्या शेवटी स्वाध्यायाच्या वेळी पुढच्या दोन बाकांवर बोलवायची, बाकीच्यांना काम देऊन. त्यांची नावं तिथेच टाचणावर टिपून ठेवली नाहीत तर ती दोन मिनिटांत विसरली जातात.

थांबण्याबद्दलही सांगायला हवं. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांब झाली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं. थांबण्याच्या जागा दोन आहेत आणि दुसरी आपण शिकवतच नाही. एक प्रश्नानंतर, दुसरी मुलाच्या उत्तरानंतर. उत्तर आल्याबरोबर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ न म्हणता तीन सेकंद गप्प राहिलं की बऱ्याचदा मूल स्वतःच पुढे बोलतं, “कारण...” आणि त्या ‘कारण’मध्ये पाठाचं पुढचं वळण सापडतं. शिवाय छात्राध्यापकालाही विचार करायला तेवढीच उसंत मिळते. मनात आकडे मोजायला सांगा. सुरुवातीला तीन सेकंद फार लांब वाटतात.

“तुला असं का वाटलं?” हा प्रश्न बरोबर उत्तरालाही त्याच स्वरात विचारला जावा. तो फक्त चुकीच्या उत्तरालाच विचारला तर चार दिवसांत मुलं ओळखतात की ‘का’ आलं म्हणजे आपलं चुकलं आणि ती उत्तर बदलून टाकतात.

गटकार्य मधेच फसतं त्याची कारणं बहुधा दोन असतात. एक, सूचना देता देता बाकं सरकवली गेली, कागद वाटले गेले. कागद हातात आल्यावर मुलं ऐकत नाहीत. काय करायचं, किती वेळात, शेवटी काय दाखवायचं, या तीन ओळी फळ्यावर लिहून, एका मुलाकडून वदवून घेऊन मगच बाकं हलवायची. दोन, गट सहा-सात जणांचे केले. सहांतले दोघे काम करतात, दोघे त्यांच्याकडे पाहतात आणि उरलेले दोघे खिडकीबाहेर. ऐन वेळी दुरुस्ती सोपी आहे: प्रत्येक गट मधून तोडून तिघांचे दोन करा, काम तेच. पहिल्या दोन मिनिटांत गोंधळ दिसला तर रेटून न नेता सगळं थांबवायचं, हात खाली, सूचना पुन्हा. दोन मिनिटं गेली तरी उरलेली दहा वाचतात. अशा थांबण्याला निरीक्षणपत्रिकेवर ‘वर्गनियंत्रण कमी’ असा शेरा मिळू नये, ही आमची कळकळीची विनंती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये मांडलेला निष्कर्ष याच्याशी जुळतो: वर्ग चांगला सांभाळणारे शिक्षक गडबड झाल्यावर काय करतात यापेक्षा ती होऊ नये म्हणून आधी काय करतात, यात वेगळे ठरतात. वर्गभर नजर ठेवून सुरुवातीलाच हस्तक्षेप करणं त्यातच येतं.

प्रत्येक बदल चांगला असतो असं आम्ही म्हणत नाही. काही बदल पाठाचं नुकसान करतात आणि तेही ओळखायला शिकवलं पाहिजे. सगळ्यात फसवा बदल म्हणजे प्रश्न सोपा करत करत पार निरर्थक करून टाकणं. मुलाला “०.४ मोठं का?” येत नाही. मग “दशांशस्थानी काय आहे?” मग “चार मोठे की तीन?” मूल म्हणतं “चार”. शिक्षक खूश, मूलही खूश, आणि मुलाने केलं काय, तर पहिलीतली तुलना. बाहेरून हे फार मायेचं, मुलाच्या कलाने घेणारं शिकवणं दिसतं, म्हणून निरीक्षकही फसतात. दुसरी चूक एकाच मुलाच्या उत्तरावर पूर्ण वर्गाचा पाठ फिरवण्याची. बदलण्याआधी ‘असं आणखी किती जणांना वाटतं?’ हे हात वर करायला सांगून पाहिलं पाहिजे. तिसरी, एखाद्या छान प्रश्नामागे वाहवत जाण्याची. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवायचा आणि शेवटी किंवा उद्या त्याच्याकडे परत यायचं. परत आलं नाही तर आठवड्याभरात मुलं त्या चौकटीचा अर्थ ओळखतात.

काही वेळा न बदलणं हाच योग्य निर्णय असतो. मुलं कंटाळलेली दिसतात म्हणून कृती आवरती घेतली जाते, पण ती अडखळत विचार करत होती आणि आणखी तीन मिनिटं दिली असती तर पोचली असती, असंही होतं. अशा वेळी छात्राध्यापक ठाम राहिला आणि का राहिला हे त्याला सांगता आलं, तर तेही तारतम्यच. गुण देताना बदल झाला की नाही एवढंच मोजू नका, नाहीतर छात्राध्यापक दाखवण्यापुरते बदल करू लागतील.

आता तुमच्या बाजूच्या गोष्टी. सगळ्यात आधी बसण्याची जागा बदला. मागच्या बाकावरून मुलांच्या पाठी आणि छात्राध्यापकाचा चेहरा दिसतो. पुढे बाजूला, भिंतीशी बसलं तर मुलांचे चेहरे आणि जवळच्या वह्या दिसतात. निरीक्षण मुलांच्या शिकण्याचं करायचं असेल तर जागा तीच.

हातातल्या कागदावर तीन रकाने करा: वेळ, मूल काय म्हणालं किंवा काय केलं, शिक्षकाने काय केलं. शब्द जसेच्या तसे टिपा. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक’ या शेऱ्यातून छात्राध्यापकाला काहीही दुरुस्त करता येत नाही. ‘११.२४: मुलगी, “०.३८”. शिक्षक, “नाही, दुसरं कोण?”’ या एका ओळीवर अर्धा तास बोलता येतं.

प्रत्याभरण त्याच दिवशी व्हावं, शक्यतो पुढच्या तासिकेच्या आत. आठवड्याने दिलं तर छात्राध्यापकाला तो क्षण आठवत नाही, फक्त लाज आठवते. “पाठ कसा झाला असं वाटतं?” या प्रश्नाला “बरा झाला” यापलीकडे उत्तर येत नाही. एक क्षण निवडा आणि त्यावर तीन प्रश्न विचारा: तेव्हा तुला काय दिसलं? तुझ्यापुढे कोणते मार्ग होते? हा का निवडलास? पहिल्या प्रश्नालाच तो अडला तर समजावं की त्याला मूल दिसलंच नव्हतं. अशा वेळी उपाय सांगण्यात अर्थ नाही, पुढच्या पाठात एकच गोष्ट पाहायची असं ठरवून द्यावं. दुसऱ्या प्रश्नाला एकच मार्ग सांगितला तर अडचण माहितीची आहे, स्पष्टीकरणाचे आणखी प्रकार एकत्र बसून शोधावेत. या दोन दुखण्यांवर औषधं वेगळी आहेत, पण आपल्या पत्रिकेवर दोघांनाही ‘विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाकडे लक्ष द्यावे’ एवढाच शेरा मिळतो.

पाठ चालू असताना मागून “अहो, उदाहरण चुकतंय” असं बोलू नये, मुलांसमोर तर नाहीच. तातडीचं असेल तर चिठ्ठी.

आणखी एक मागणी वेळापत्रकाची आहे. शाळेत दोन तुकड्या असतील तर तोच पाठ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर घेऊ द्या. आज प्रत्येक सराव पाठ नव्या घटकाचा असतो, त्यामुळे कालच्या पाठातून कळलेलं वापरायची संधीच येत नाही. पाठांची संख्या भरावी म्हणून नवे घटक घेण्यापेक्षा थोडे घटक दोनदा घेतलेले बरे. दुसऱ्या तुकडीवर पाठ वेगळ्याच वाटेवर जातो, तेव्हा टाचण हे एका विशिष्ट वर्गासाठी केलेलं अनुमान आहे हे छात्राध्यापकाला कुणी न सांगता समजतं. घरची भाषा वेगळी असलेली मुलं ज्या तुकडीत अधिक आहेत तिथे तर पहिल्या पाच मिनिटांतच शब्द बदलावे लागतात, आणि त्यासाठी घटकातल्या पाच-सहा अवघड शब्दांना सोपे पर्याय आधीच टिपलेले असावेत.

राहता राहिली गुणदानाची पत्रिका. तिच्यात फार उलथापालथ नको. ‘टाचणाप्रमाणे अंमलबजावणी’ असा मुद्दा असेल तिथे ‘मुलांच्या प्रतिसादानुसार घेतलेले निर्णय आणि त्यांची कारणे’ एवढं लिहा. हे गुण पाठ संपताच देऊ नका, प्रत्याभरणाच्या बोलण्यानंतर द्या, कारण कारणं त्या बोलण्यातूनच कळतात.

आणि टाचणाची स्वच्छ प्रत नंतर पुन्हा लिहून मागू नका. पाठात वापरलेला तोच कागद जमा करून घ्या: पेन्सिलीच्या खुणा, खोडलेला ‘स’, समासात घाईने लिहिलेली सात नावं आणि ‘११.२२’ पुढे केलेलं ‘११.२९’ असलेला. छात्राध्यापक मुलांकडे पाहत होता की नाही, ते आधी त्या कागदावर शोधा.

आपले,
छात्राध्यापकांचे पाठ जवळून पाहणारे काही शिक्षक